पंधरा महिने, ५१०० किमी: रोडबाइक आणि रविवारचा सायकल क्लब, वापरानंतरचा अनुभव

नोव्हेंबर २०२४ ला सायकल घेतली, त्याच महिन्यात क्लबात शिरलो, आता फेब्रुवारी २०२६. मीटरवर ५१०० किमी झालेत. घेताना मी पण ढीगभर रिव्ह्यू वाचले होते, सगळे घेतल्यापासून दोन आठवड्यांत लिहिलेले आणि सगळ्यांची सायकल एकदम मक्खन. म्हणून ठरवलं होतं की एक पावसाळा आणि एक पडझड झाल्याशिवाय लिहायचं नाही. दोन्ही झालं. पडझड माझी नाही झाली, माझ्यामुळे झाली, त्यावर खाली येतोच.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. वय ४६, वजन तेव्हा ८१ आता ७४, राहायला कर्वेनगर, नोकरी खुर्चीतली. याआधीची सायकल म्हणजे कॉलेजातली काळी, जिच्यावर डबलसीट सापडलो की मामा दोन्ही चाकांची हवा सोडायचे. तेव्हा पुणं सायकलींचं शहर म्हणायचे, आता ते बघायचं तर आमच्या इथे विक्रम पेंडसे सायकल म्युझियम आहे तिथे जावं (जाच, खरंच भारी आहे).

सायकल: अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बनचा फोर्क, शिमानो क्लॅरिसचा गिअर सेट, पुढे ५०-३४ दातांची चक्रं, मागे आठ गिअर ११-३२ दातांचे, रिम ब्रेक. ५८ हजार पडले. ब्रँड मुद्दाम सांगत नाही कारण या किमतीत सगळ्यांत एकोणीस-वीसचाच फरक, आणि नाव घेतलं की पुढची चर्चा फक्त त्यावरच होते. क्लॅरिसला क्लबातले लोक नाकं मुरडतात, पण पंधरा महिन्यांत एकदा केबल बदलली आणि एकदा चेन, बाकी ओव्हरऑइलिंग. गिअर टाकताना खट्ट आवाज येतो हे खरं, पण पडतो. ज्याची सायकल माझ्या तिप्पट किमतीची आहे त्याचा पण पडतो, फक्त आवाज कमी येतो.

बदलायची असेल तर पहिली गोष्ट म्हणजे टायर. सोबत २५ मिमी रुंदीचे आलेले, शंभर पीएसआय हवा भरून फिरायचो कारण कुणीतरी सांगितलं कडक हवा म्हणजे स्पीड. पुण्याच्या रस्त्यावर शंभर पीएसआय म्हणजे मणक्याला सरळ निरोप जातो, मधे कोणी नाही. २८ चे टाकले, पंचाहत्तरपर्यंत हवा ठेवतो, स्पीडमधे काही फरक नाही आणि घरी आल्यावर हात बधिर होत नाहीत. एक सूचना, २८ बसतात का ते आधी दुकानात चाक लावून बघा, काही जुन्या रिम ब्रेकवाल्यांना घासतात. आणि नोझल! रोडबाइकला बारीक प्रेस्टा नोझल असतं, वरचं टोक सैल करून हवा मारायची, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे त्याचा पंप बसत नाही. चिमूटभर पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो जवळच ठेवा. मी पिरंगुटला एका पंक्चरवाल्या काकांसमोर अर्धा तास उभा होतो, त्यांनी नोझलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, एवढे पैसे देऊन हवा पण भरता येत नाही होय?" तेव्हापासून दोन ट्यूब, दोन लिव्हर, छोटा पंप आणि तो अ‍ॅडॉप्टर कायम खिशात.

आता क्लब. माझ्या मते रिव्ह्यू खरा त्याचाच करायला पाहिजे, कारण सायकल भिंतीला टेकवून ठेवली तर काही बोलत नाही, क्लब बोलतो, पहाटे चार पन्नासला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो.

पहिल्या रविवारी नळस्टॉपला सव्वापाचला जमायचं होतं. मी पाच एकोणीसला पोचलो. रस्ता रिकामा. फोन केला तर म्हणाले आम्ही पौड फाट्याला, ये मागून. मी म्हणालो तुमच्या ग्रुपवर तर लिहिलंय कोणालाही मागे सोडत नाही म्हणून. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "ते निघाल्यानंतर. वेळेवर न आलेला मागे राहतो, त्याला आम्ही सोडत नाही." हे असं आहे सगळं. वर्षाला फी नाही, टीशर्टचे (जर्सी म्हणायचं, टीशर्ट म्हटलं की बघतात) पंधराशे, बाकी सगळं फुकट, फक्त वेळ पाळायची. पुण्यात दुकानं दुपारी एकला बंद होतात त्याच इमानाने राइड सव्वापाचला सुटते.

तीन गट आहेत. पहिला ताशी तीस किमीच्या पुढे पळणारा, दुसरा पंचवीस ते अठ्ठावीस, तिसरा वीस-बावीस आणि मधे दोन वेळा चहा. तिसऱ्यातून मला दुसऱ्यात जायला सात महिने लागले आणि आता वाटतं की काय घाई होती. तिसऱ्या गटाचा चहा जास्त चांगला असतो.

क्लबात काय मिळतं? फिटनेस नाही, तो एकट्याने पण होतो. मिळतं ते दुसऱ्याच्या चाकामागे बसायला. तीसच्या वेगाला तुमची बरीचशी ताकद फक्त हवा कापण्यात जाते, पुढच्याच्या मागे हात-दीड हातावर राहिलात तर साधारण पाव हिस्सा तरी वाचतो, पहिल्यांदा जमलं तेव्हा मला वाटलं उतार लागला. पण हात-दीड हातावर म्हणजे तुम्हाला पुढचा रस्ता दिसत नाही. दिसतं ते पुढच्याचं मागचं चाक आणि त्याची पाठ. मग खड्डा कसा कळणार? तर पुढचा सांगणार. बोट दाखवून, हात पाठीमागे नेऊन उजवीकडे हलवून (म्हणजे डावीकडे कोणाची तरी गाडी उभी आहे), आणि मुख्य म्हणजे ओरडून. "खड्डा डावीकडे", "खडी", "ब्रेकर", "गाडी मागे". प्रत्येकाने ऐकलं की पुन्हा ओरडायचं, म्हणजे शेवटच्यापर्यंत पोचतं. एक नवीन आलेले गृहस्थ शुद्ध मराठीचा आग्रह धरून "गतिरोधक" ओरडायचे, त्यांचा शब्द पूर्ण होईस्तोवर गतिरोधक मागे गेलेला असायचा. आता तेही ब्रेकर म्हणतात.

सिंहगडाबद्दल लिहिलं नाही तर पुण्यातला सायकलवाला म्हणणार नाहीत. पायथ्यापासून साधारण नऊ किलोमीटर, सहाशे मीटरच्या आसपास चढ, गड स्वतः १३१२ मीटर. पहिल्या वेळी दीड तास लागला, तीनदा थांबलो आणि एकदा सायकल धरून चालत असताना एक मावशी डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेऊन माझ्या पुढे गेल्या. आता तासाच्या आत-बाहेर होतं. ३४-३२ हा शेवटचा गिअर संपतो तिथून पुढे चढ चालूच राहतो, त्याला इलाज नाही, दम धरायचा. वर पिठलं भाकरी, खेकडा भजी, दही. भजी खाऊन उतरू नका, हे मी एकदाच केलं.

उतरताना रिम ब्रेकचा खरा कस लागतो. सतत दाबून धरले तर रिम चटके बसतील इतकी तापते, म्हणून दाबायचे सोडायचे, दाबायचे सोडायचे, आणि मधे एकदा थांबायचं. पावसात तर दाबल्यावर पहिली दोन सेकंद काहीच होत नाही, फक्त पाणी पुसलं जातं. मुळशीकडे, ताम्हिणीकडे पावसाळ्यात जायचं असेल तर परत घेताना मी डिस्क ब्रेकच घेईन, एवढा एक पश्चात्ताप आहे. बाकी पावसाळा म्हणजे चिखल, प्रत्येक राइडनंतर चेन पुसणं, आणि सिंहगडाचा घाट दरडीमुळे कधी बंद कधी चालू. पण मुळशीच्या धरणाकाठी जुलैत एकदा जा, बाकी काय लिहू त्याच्याबद्दल.

आता ती गोष्ट.

सप्टेंबर २०२५, रविवार, खडकवासल्यावरून डोणज्याचा फाटा सोडून पानशेतच्या रस्त्याला आम्ही नऊजण. मला दुसऱ्या गटात येऊन थोडेच महिने झालेले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला सगळ्यांच्या पुढे राहून ग्रुप ओढायला मिळालेलं. मीटरवर ३१ दिसत होते. खरं सांगतो, तो आकडा खाली जाऊ नये एवढंच डोक्यात होतं, धाप लागलेली, तोंड उघडं होतं पण ते फक्त श्वासासाठी. रस्त्यात पाइपलाइनसाठी आडवा खणलेला चर होता, खडी टाकून बुजवलेला, पावसाने खडी वाहून गेलेली. मला तो दिसला. शेवटच्या क्षणी का होईना, दिसला. उजव्या बाजूला थोडी सपाट जागा होती, मी चाक तिकडून काढलं आणि निघून गेलो. ओरडलो नाही, हात दाखवला नाही. हात हँडलवरून काढायची भीती वाटली हे एक, आणि ओरडायचं सुचलंच नाही हे दुसरं.

मागे काकू होत्या. वय ५८, गणिताच्या शिक्षिका, आता रिटायर. पुढचं चाक चरात गेलं आणि त्या हँडलवरून खांद्यावर पडल्या. त्यांच्या मागचे सर कसेबसे चिखलात उतरले म्हणून वाचले. हेल्मेटला उभी चीर गेलेली, हे ज्यांना हेल्मेट गरम होतं त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. कॉलर बोन मोडलं. सायकलवाल्यांचं सगळ्यात जास्त मोडणारं हाड तेच आहे म्हणे, आमच्यातल्या डॉक्टरांनी तिथेच हात लावून सांगितलं, ओढणीने हात गळ्यात बांधला, एकाने घरी फोन करून गाडी मागवली. सगळं शिस्तीत झालं, कोणी आरडाओरडा नाही. मी काकूंची सायकल धरून उभा होतो, पुढचं चाक आठच्या आकड्यासारखं झालेलं, आऊट काढण्याच्या पलीकडे गेलेलं.

मला वाटलं होतं कोणीतरी झापेल. कोणी काही बोललं नाही. ग्रुपवर "काकू लवकर बऱ्या व्हा" चे फुलांचे फोटो, रस्त्याला शिव्या, खणणाऱ्यांना शिव्या. माझं नाव कुठेच नाही. एखाद्याने म्हटलं असतं की अरे तू पुढे होतास ना, तर बरं वाटलं असतं. चार दिवस झोप नीट नाही. बायको म्हणाली, एवढं वाटतंय तर जाऊन भेट ना, मला कशाला सांगतोयस.

गेलो, सफरचंदं घेऊन. काकू हात गळ्यात अडकवून टीव्ही बघत होत्या. मी सुरुवात केली, "काकू, तो चर मला दिसला होता, मी..." तर म्हणाल्या, "माहितीये मला. तुझं चाक उजवीकडे गेलं ना, तेव्हाच कळलं काहीतरी आहे. अर्धा सेकंद मिळाला मला, तेवढ्यात काय होणार?" मग म्हणाल्या, "फळं ठेव तिकडे. आणि पुढे बसणाऱ्याला तोंड फुटत नसेल तर त्याने मागे बसावं. चहा घेणारेस?" मी चाकाचे पैसे देतो म्हणालो, त्यांनी अर्धे घेतले. अर्धे का विचारलं तर म्हणाल्या, "अर्धी चूक माझी. नवीन माणसाच्या चाकाला एवढं चिकटायचं नसतं."

त्यानंतर दोन महिने मी शेवटी चालवली. शेवटी बसल्यावर कळतं कोण खरंच ओरडतं आणि कोण नुसतं चाक वळवून निघून जातं, आणि मी एकटा नव्हतो हे पण कळलं. म्हणून क्लब निवडणाऱ्यांना माझा सल्ला: एक राइड फुकट करू देतात सगळीकडे, त्या राइडला शेवटी बसा आणि कान उघडे ठेवा. जिथे शेवटच्यापर्यंत "खड्डा" ऐकू येतो तो क्लब चांगला. किती जणांकडे कार्बन आहे, स्ट्राव्हा अ‍ॅपवर कितवा नंबर येतो, फोटो कोण काढतं, हे सगळं नंतर.

बाकीच्या तक्रारी पटापट. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करा, नाहीतर सुप्रभातांनी मराल. साठ जणांत नियमित येणाऱ्या बायका सहा, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे पहाटे रस्त्यात धड स्वच्छतागृह नाही, हे पुरुषांना लक्षात यायला चार वर्षं लागली, आता रूट ठरवताना कुठला पेट्रोल पंप उघडा असतो ते आधी बघतात. वस्तूंचा शो ऑफ आहे, नाही म्हणणार नाही, कोणीतरी नवीन चाकं घेतली की महिनाभर तेच. नवले पुलाच्या उतारावरून ग्रुप जातो ते मला अजून आवडत नाही, मागे कंटेनर असताना तिथे शिस्त वगैरे काही उपयोगाची नाही, मी आतून जुन्या रस्त्याने जातो आणि पुढे गाठतो, यावरून चिडवतात, चिडवू देत. कुत्र्यांसाठी मात्र एक जमलेली युक्ती: पळवू नका, उतरा, सायकल मधे धरा आणि दरडावून बोला. मराठीतच बोलायचं, काय बोलायचं ते तुम्ही ठरवा.

शरीराचं. पहिले दोन महिने गुडघा पुढून दुखायचा, डॉक्टरकडे जायच्या आधी एका सरांनी सीट दीड सेंटिमीटर वर केली, गेला. पॅडवाली शॉर्ट घ्यावीच लागते आणि तिच्या आत काही घालायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, नव्वद किलोमीटरनंतर स्वतःच कळलं. खायला मी एनर्जी जेल वगैरे आणत नाही, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळं आणि बाटलीत ओआरएस. दर पाऊण तासाला खायचं, भूक लागायची वाट बघितली की उशीर झालेला असतो. एकदा सासवडवरून दिवे घाटाने उतरताना माझ्या हातापायातलं सगळं असं अचानक गेलं की हडपसरला एका टपरीवर सलग तीन वडापाव खाल्ले आणि तिथेच फूटपाथवर बसलो. आता कापूरहोळ, नारायणपूर, सासवड असा फेरा असला की सासवडला थांबतोच, हिवाळ्यात अंजीर मिळतात.

डिसेंबरमधे २०० किमीची बीआरएम केली, म्हणजे ठराविक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. साडेतेरा तासांची मुदत असते, रेस नाही, ठराविक ठिकाणी कार्डवर शिक्का घ्यायचा. साताऱ्याच्या बाजूला जाऊन परत, जाताना खंबाटकी चढायचा. मला सव्वाबारा तास लागले. क्लब नसता तर शेवटचे चाळीस किमी मी टेम्पोत सायकल टाकून आलो असतो, पूर्ण वाऱ्याविरुद्ध होते आणि दोघं जण आळीपाळीने पुढे राहून मला शिरवळपासून घेऊन आले. दोघांचे आवाज बसले होते ओरडून ओरडून.

आणि जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल रेस झाली, सगळे बघायला गेलो. दोन तास कडेला उभं राहायचं आणि घोळका समोरून जातो तो मोजून काही सेकंद, सळसळ असा आवाज, साखळ्यांचा आणि हवेचा. बाकीचे सायकली बघत होते. मी हात बघत होतो. त्या वेगात, त्या गर्दीत, पुढचे लोक पाठीमागे बोट दाखवत होते, रस्ता मधोमध विभागला जात होता तिथे. त्यांचे रस्ते तर गुळगुळीत करून दिलेले. (आमच्या सोसायटीसमोरचा मात्र त्यांच्या मार्गात नव्हता, दुर्दैव.)

खर्चाचा हिशोब विचारतात म्हणून: सायकल ५८, हेल्मेट, शॉर्ट, दिवे, पंप, टायर, फिटिंग, चाकाचे ते अर्धे पैसे, सगळं मिळून ८४ हजारांच्या आसपास. पहिल्या वर्षी एवढे धरूनच चाला, सायकलीच्या किमतीवर थांबत नाही. २५ चे जुने टायर घरी पडून आहेत, सहाशे किमी चाललेले, कोणाला हवे असतील तर घेऊन जा.

काकू डिसेंबरपासून परत येतात, आधी तिसऱ्या गटात, गेल्या महिन्यापासून आमच्यात. गेल्या रविवारी पानशेतलाच गेलो होतो आणि मी पुढे होतो. तो चर आता डांबर घालून बुजवलाय, कळत पण नाही कुठे होता. तरी तिथे आल्यावर मी ओरडलो, हात पण दाखवला. मागून काकूंचा आवाज आला, "ऐकलं रे, काही नाहीये तिथे, पुढे बघ."